रिकामी डबी आणायची नाही

विमलकाकू शिंदे कुणाशी गोड बोलायला लागल्या की खुशाल समजावं, काहीतरी बिघडलंय. एरवी त्या माणसाला धड नावानं हाकसुद्धा मारत नसत. मी नागपूरची, म्हणून मी ‘नागपूर’. ब्रँडन नावाचा आमचा एक उंच विद्यार्थी होता, तो ‘खांब’. खांब म्हणजे काय हे त्यांनी त्याला चर्चच्या तळघरातल्या एका खऱ्या खांबाला टेकवून उभं करून समजावलं होतं. पोराला ते इतकं आवडलं, की तो नवीन मुलांना स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागला. पण काकूंनी कुणाला “थँक यू, दॅट्स सो काइंड ऑफ यू” असं म्हटलं, की संपलं. त्या माणसाशी त्यांचं आता काही देणंघेणं उरलेलं नाही असं समजायचं.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मी पब्लिक हेल्थ शिकायला गेले, आणि तिथे एका वर्गाची असिस्टंट म्हणून माझ्या गळ्यात सर्व्हिस लर्निंग पडलं. म्हणजे कॉलेजच्या मुलांनी वर्गात वाचायचं, आठवड्यातून दोनदा गावात जाऊन कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, आणि मग आपण काय शिकलो यावर निबंध लिहायचा. त्याचे क्रेडिट मिळतात. आमच्या कॉलेजात एनएसएस होतं. त्यात आम्ही एका गावात जाऊन झाडं लावली आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडं लावली. त्यामुळे या प्रकाराबद्दल माझं मत काय असणार ते सांगायला नको.

मुलांना पाठवायच्या जागांमध्ये एक होती चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर. एकटे राहणारे म्हातारे लोक, ज्यांना आता स्वतःचं करून खाणं होत नाही, त्यांना तिथून दुपारचं गरम जेवण जायचं. कागदावर जागेच्या प्रमुखाचं नाव होतं ‘मिस काकू’. मला वाटलं कुणी जपानी बाई असेल. जाऊन बघते तर पॅन्ट, स्पोर्ट्स शूज, कोपरावर विरलेला स्वेटर, बाहीत खोचलेला टिश्यू आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. मूळच्या कऱ्हाडच्या. शिंदेकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतः काकू हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. इंग्रजी फाडफाड, पण सूर अख्खा कऱ्हाडचा.

पहिल्या दिवशी मी मुलांना घेऊन गेले. मुलं हातमोजे घालून, केस जाळीत बांधून रांगेत उभी. मी पॉवरपॉइंट करून आणलेला होता हो! स्लाइड लावणार, तेवढ्यात काकूंनी विचारलं, “जेवलात का?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी म्हणाली, “आम्ही सेवा करायला आलो आहोत.”

“ते कळलं. जेवलात का? नाही ना? मग बसा. उपाशी माणसानं वाढू नये. त्याचा सगळा जीव दुसऱ्याच्या ताटात असतो.”

आणि बाईंनी सगळ्यांना बसवून वरणभात वाढला. माझा लॅपटॉप तसाच उघडा. जेवणं झाल्यावर एका मुलानं विचारलं, “माझे तास तुम्ही साइन करून द्याल ना?” काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “तास भरायचेत का बाबा? मग बाहेर बसस्टॉपवर उभा राहा. तिथेही भरतात.”

बाप्पा, काय राग आला मला! ही कोण बाई, माझा वर्ग माझ्यासमोर पळवून नेते? परत येताना बसमध्ये मी मनात तक्रारीचा ईमेलही लिहिला. पण पुढच्या खेपेला सगळ्यात आधी तिथे पोचले मीच, कारण मला वरण आवडलं होतं. घर सोडून आल्यापासून तसं वरण कुणी वाढलं नव्हतं.

काकूंचं खरं प्रस्थ म्हणजे त्यांच्या डब्या. जेवण युनिव्हर्सिटीच्या नियमाप्रमाणे वापरून फेकायच्या ट्रेमध्ये जायचं, पण प्रत्येक ट्रेसोबत एक स्टीलची छोटी डबी असायची. आपल्याकडे प्रवासात लोणच्याला नेतात ना, तसली. तिच्यात काकूंनी घातलेलं लिंबाचं गोड लोणचं. अमेरिकन म्हातारे ते टोस्टला लावून खायचे. मुलांनी पुढच्या वेळी ती डबी परत आणायची, आणि नियम एकच: रिकामी डबी आणायची नाही.

“म्हणजे त्या लोकांनी काहीतरी द्यायचं?” मी विचारलं होतं. “काकू, त्यांच्याकडे काही नसतं म्हणून तर आपण जातो!”

“काही नसतं म्हणे! तुझ्या आईनं शेजारणीचा डबा कधी रिकामा परत केला का गं? साखर तरी घालतेच ना चिमूटभर? मग यांनीच काय पाप केलंय? नुसतं घेत राहिलं की माणूस वाळतं, नागपूर.”

डब्यांतून काय काय यायचं! कोटाचं बटण, दोन अक्रोड, बाल्कनीतला टोमॅटो, वाळलेली फुलं, पाखरांसाठी दाणे. एक आजी दर वेळी एकच पेपरमिंटची गोळी पाठवायच्या, आणि ती काकूंनी त्यांच्या नावानं खाल्ली की नाही याची पुढच्या वेळी चौकशी करायच्या. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला याचा पत्ता लागला तेव्हा ईमेल आला, की स्वयंसेवकांनी कुणाकडूनही भेटवस्तू स्वीकारू नयेत. काकू मीटिंगला आल्या, खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, “जेवण तुमचं. ट्रे तुमचा. मुलं तुमची. डबी माझी. माझ्या डबीत कोण काय घालतं ते माझं आणि त्यांचं. त्यात तुम्ही पडू नका.” ऑफिसच्या बाईंना हसू आवरेना. नियम कागदावर राहिला आणि डब्या चालू राहिल्या.

आता वॉल्टरचं सांगते. मिस्टर वॉल्टर म्हणजे शाळेत बँड शिकवणारे, रिटायर झालेले मास्तर. बायको गेल्यावर त्यांनी दाराला साखळी लावली ती काढलीच नाही. साखळीच्या फटीतून हात यायचा, ट्रे घ्यायचा, दार बंद. डबी परत यायची ती घासूनपुसून स्वच्छ आणि रिकामी. त्यांच्याकडे जायचा ब्रँडन. त्याला मेडिकलला जायचं होतं आणि अर्जात काहीतरी सेवाबिवा दिसायला हवी होती. हे त्यानं पहिल्या दिवशीच प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं.

“तू त्यांना काय म्हणतोस?” काकूंनी विचारलं.

“हे तुमचं जेवण, सर. आणखी काही मदत हवी का?”

“आणि ते काय म्हणतात?”

“नो, थँक यू.”

“म्हणणारच! रोज उठून कुणी दारात येऊन विचारलं, तुम्हाला काय येत नाही, तर तू काय म्हणशील? खांबा, मदत देऊ नकोस. मदत माग.”

ब्रँडनला काय मागावं ते सुचेना. शेवटी त्याची सायकलच मदतीला आली. तिची चेन त्यांच्या दारापुढेच निसटली. त्यानं बेल वाजवून विचारलं, तुमच्याकडे पक्कड आहे का? साखळीमागून आवाज आला, “कशाला?” मग साखळी निघाली. वॉल्टर बाहेर आले, गुडघे टेकून बसले, आणि तुला सायकलची अजिबात काळजी घेता येत नाही म्हणून त्यांनी ब्रँडनला यथेच्छ झापलं. पुढच्या वेळी डबीत सायकलची जुनी घंटी होती. काकूंनी ती सगळ्या स्वयंपाकघरात वाजवत फिरवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि वर त्या आम्हालाच ओरडत होत्या की कांदा कुणी इतका चिरून ठेवला.

काकूंच्या घरी दक्षिणेच्या खिडकीत कढीपत्त्याचं झाड होतं. मिशिगनच्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे लहान मूल वाढवण्यातला प्रकार. पहिल्या गारठ्याच्या आधी कुंडी आत आणायची, दिवा लावायचा, पाणी बेतानं घालायचं. गावातल्या यच्चयावत मराठी बायकांचा त्या झाडावर डोळा. पण हिवाळ्यात काकू कुणाला पान तोडू देत नसत. “झाड आजारी असतं गं या दिवसांत. त्याच्याकडून काही मागायचं नाही.” स्वतःच्या कढीलासुद्धा त्या पान घेत नसत. दिवाळीला एका बाईंनी हळूच हात लावला होता, त्यांना पुढच्या दिवाळीपर्यंत बोलावणं नव्हतं. चेष्टा नाही!

माझ्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत, कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला निघालेल्या काकू बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, रिहॅब, मग वॉकर घेऊन घरी. मुलगा मंदार ॲरिझोनात असतो. आईपाशी महिनाभर राहिला, पण नोकरी किती दिवस सोडणार? जाताना मला म्हणाला, “लुक, तिला स्टँडिंग जमत नाही, कुक करता येत नाही. तुमचं जेवण तिच्याकडे सुरू करा, कुणीतरी येऊन बघून जा. ती नीट खाते असं दिसलं तर राहू दे इथे. नाहीतर मी तिला घेऊन जातो, यार. आय कान्ट डू धिस फ्रॉम देअर.” महिन्याअखेरीस तो परत येणार होता, आणि येताना आईचंही तिकीट काढूनच येणार होता.

काकूंना ॲरिझोना नको होतं. “मंदारच्या घरी सगळं आहे गं,” त्या म्हणायच्या, “फक्त मला काही काम नाही.” म्हणजे गोष्ट सोपी होती. जेवायचं आणि राहायचं. इतक्या जणांना जेवू घातलेल्या बाईला हे काय अवघड? आम्ही सगळे अगदी उत्साहात. त्यांच्याकडे जायला पहिल्या वर्षाची ग्रेस निवडली, कोरियन आईबापांची लाघवी पोर. आणि ब्रँडन म्हणाला, “काकूंना डबी नको पाठवायला. त्यांना सिंकपाशी उभं राहता येत नाही. घासायची कशी, परत काय घालायचं, उगाच त्रास. नुसता ट्रे देऊ.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. किती विचार केला त्यांचा, म्हणून मला तर पोराचा अभिमानच वाटला.

ग्रेस पहिल्या दिवशी परत आली ती नाचतच. “शी इज सो स्वीट! मला म्हणाल्या, थँक यू, दॅट्स सो काइंड ऑफ यू!”

संपलं, मी मनात म्हटलं.

दोन-तीन खेपा झाल्यावर मी स्वतः गेले. फ्रिज उघडला तर ट्रे एकावर एक, झाकणंसुद्धा न काढलेले. काकू निम्म्या झालेल्या. त्या मला म्हणाल्या, “ये ना प्राजक्ता. बस. कशी आहेस? अभ्यास कसा चाललाय?”

प्राजक्ता! इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या नावानं मला पहिल्यांदा हाक मारली, आणि मला तिथेच रडू फुटलं. “काकू, असं काय करता? जेवत का नाही? मंदार येतोय, माहितीये ना?”

“माहितीये गं. जाईन मी. म्हातारपणी कुठेतरी जायचंच असतं.” आणि माझ्याच पाठीवर हात फिरवायला लागल्या. बेडरूममध्ये बॅग उघडी पडलेली होती, तीत दोन स्वेटर घडी करून ठेवलेले. मी विनवण्या केल्या, चिडले, घास करून तोंडाशी नेला. “नंतर खाते हं,” त्या म्हणाल्या, आणि तेही गोड आवाजात.

आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडेना. ब्रँडन हिरमुसून वॉल्टरकडे गेला आणि त्यांना सगळं सांगून बसला. वॉल्टरनी विचारलं, “तिच्या ट्रेबरोबर ती छोटी डबी पाठवता ना?”

“नाही. उगाच त्रास कशाला म्हणून...”

वॉल्टरनी म्हणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे तिच्याकडून आता काही यायचं नाही, असं तुम्ही तिला सांगितलंत.”

ब्रँडननं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी लायब्ररीत होते. मी तिथेच कपाळावर हात मारला. अगं बाई! ज्या बाईनं आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, तिलाच आम्ही त्यातून वगळलं होतं, आणि वर कौतुक केलं होतं स्वतःचं.

शनिवारी सकाळी आम्ही काकूंच्या दारात उभे होतो. ग्रेस ट्रे घेऊन, ब्रँडन वॉल्टरचा हात धरून, आणि वॉल्टर टाय लावून, तळहातावर स्टीलची डबी. आमच्यामागे बर्फ भुरभुरत होतं. काकूंनी दार उघडलं, सगळ्यांना बघितलं आणि सुरुवात केली, “ओ, हाउ काइंड ऑफ...”

“काइंड वगैरे काही नाही,” वॉल्टर म्हणाले. “तुझं लोणचं मी घरी करून बघितलं. बिघडलंय. चाखून सांग काय चुकलं ते.”

काकूंनी डबीकडे बघितलं. झाकण काढलं. बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की ग्रेस घाबरून मागे सरली.

“मीठ कुणी घातलंय यात? समुद्रानं?”

“मी,” ब्रँडन म्हणाला. “त्यांना चष्म्याशिवाय चमचा दिसत नव्हता म्हणून...”

“खांबा! मेल्या, तू डॉक्टर होणार? पेशंटला असाच डोस देशील का रे? आणि ए नागपूर, तू तिथे उभी काय राहिलीस बघत? वरच्या फळीवरचा गूळ काढ. पातेलं घे. ते नाही, जाड बुडाचं!”

काय सांगू, त्या शिव्या ऐकून मला किती बरं वाटलं. मी गूळ काढताना डोळे पुसत होते आणि काकू स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. लोणचं पुन्हा शिजलं. चाखायला नुसतं कसं घ्यायचं, जीभ जाईल, म्हणून ग्रेसच्या ट्रेमधला भात गरम केला. एक घास लोणच्याचा, एक घास भाताचा, असं करत काकूंनी तो ट्रे संपवला. आम्ही पातेली आवरत राहिलो. बघतोय असंही दाखवलं नाही.

मग त्यांनी वॉल्टरची डबी मागून घेतली, बसूनच घासली, पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या टोकानं पुसली, आणि इकडेतिकडे बघू लागल्या. फळी बघितली, टेबल बघितलं. कितीतरी दिवस बाजार झालेला नव्हता, घरात देण्यासारखं काही नव्हतं. वॉकर धरून त्या हळूहळू खिडकीपाशी गेल्या. बाहेर सगळं पांढरं. त्यांनी कढीपत्त्याची एक कोवळी डहाळी कट्कन मोडली.

“काकू!” मी ओरडलेच. “झाड आजारी असतं ना?”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आजारी आहे म्हणून त्यानं काही द्यायचंच नाही का?”

त्यांनी डहाळी डबीत दुमडून बसवली, झाकण लावलं आणि वॉल्टरच्या हातात दिली. वॉल्टरनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे? “फोडणी,” काकू म्हणाल्या, “ती कशी करायची ते पुढच्या शनिवारी येऊन शिकायचं.” ते आले. त्यानंतर कुठला शनिवार त्यांनी चुकवला असेल असं मला वाटत नाही.

मंदार ठरल्याप्रमाणे आला तेव्हा काकू ग्रेसला भाकरी थापायला शिकवत होत्या. पोरीला पीठ मळताही येत नव्हतं. मंदार मला नंतर सांगत होता, “आईचा आवाज गॅरेजपर्यंत येत होता. मी तिथेच सूटकेसवर बसून राहिलो आणि फोन काढून तिचं तिकीट कॅन्सल केलं.”

काकू त्यानंतर त्यांच्या घरातच राहिल्या, आणि गेल्या हिवाळ्यात घरातूनच गेल्या, झोपेत. मी आता न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला असते. फोन मंदारचाच आला होता. तो रडत होता, मी रडत होते, आणि मध्येच दोघंही हसलो, कारण आदल्याच दिवशी त्यांनी त्याला तासभर झापलं होतं.

पण मला त्या दिसतात त्या मे महिन्यातल्या. मी ॲन आर्बर सोडून निघाले होते, गाडी सामानानं खच्चून भरलेली. काकूंचा निरोप घ्यायला गेले. वॉकर सुटून हातात काठी आली होती. कढीपत्ता बाहेर अंगणात, नव्या पानांनी भरलेला. त्यांनी माझ्या हातात एक डबी ठेवली, लोणच्यानं भरलेली, झाकणाला रबर लावलेलं.

“काकू, ही मी परत कधी आणणार? आता कुठे मी, कुठे तुम्ही...”

“मला कशाला परत करतेस?” त्या म्हणाल्या. “तिथे काय दारं लावून बसलेली माणसं नाहीत? जा आता, नागपूर. रडत गाडी चालवू नकोस, पोलीस पकडेल.”

मी गाडी मागे घेताना बघितलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरलेली, त्यामुळे हात हलवायला हात नव्हता. त्यांनी नुसती हनुवटी वर केली, जा म्हटल्यासारखी. दार त्यांच्यामागे सताड उघडं होतं, आणि आतून ग्रेस हाका मारत होती, “काकू, इट्स बर्निंग!”